ब्लायबराचे देवदूत आणि पंखातले छर्रे: एका मध्ययुगीन चर्चच्या छताचं प्रकरण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सफोक काउंटीत ब्लायबरा नावाचं गाव आहे, गाव म्हणजे खरंच एवढंसं, एक पब, थोडी घरं, मधून धडधडत जाणारा ए-१२ रस्ता आणि बाजूला ब्लाइथ नदीची दलदल, जिथे भरती-ओहोटीबरोबर पाणी वर येतं आणि चिखल उघडा पडतो. या सगळ्याच्या मधोमध उंचवट्यावर होली ट्रिनिटी नावाचं जवळपास ३९ मीटर लांबीचं दगडी चर्च उभं आहे. लोक त्याला दलदलीतलं कॅथेड्रल म्हणतात, पण ते कॅथेड्रल नाही, तिथे बिशपची गादी कधीच नव्हती, ते साधं गावचं चर्च आहे, म्हणजे आपल्याकडे ग्रामदैवताचं देऊळ असतं तसं.

आत गेलात की मान आपोआप वर जाते. छताच्या आडव्या तुळयांच्या मध्यावर लाकडी देवदूत आहेत, पाठीला पाठ लावून, एक पूर्वेकडे बघणारा आणि एक पश्चिमेकडे, पंख पसरलेले, पुढ्यात ढाली धरलेल्या. रंग फिकट झालाय पण अजून आहे. कुणाचा पंख अर्धा तुटलेला, कुणाचा चेहरा झिजलेला, काही ठिकाणी देवदूतच नाही, नुसती रिकामी तुळई. आणि लाकडात बारीक बारीक भोकं.

या भोकांबद्दलच हे प्रकरण आहे. कित्येक पिढ्या सांगितलं जायचं की १६४४ साली प्युरिटन, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती-चित्रं नकोत म्हणणाऱ्या कट्टर प्रोटेस्टंट, सैनिकांनी आत घुसून देवदूतांवर बंदुका झाडल्या. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच विश्वास ठेवला, कारण गोष्ट चपखल बसते, मूर्तिभंजक आले, मूर्ती दिसल्या, गोळ्या घातल्या. मी काही वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात होतो, तिथे एक सवय लागली की भिंतीला तडा दिसला की घरमालक जे कारण सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि मग स्वतः शिडी लावून वर जायचं. ब्लायबराच्या बाबतीत शिडी लावली गेली १९७० च्या दशकात, आणि वर जे सापडलं त्यानं गोष्टच बदलली. पण त्याआधी हे चर्च एवढं मोठं का आणि छत कसं आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एवढ्याशा गावात एवढं चर्च कसं

मध्ययुगात ब्लायबरा एवढंसं नव्हतं. ब्लाइथ नदीवर बंदर होतं, बाजार होता, आणि गावात ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा छोटा मठ होता. या मठाला १४१२ मध्ये चर्चचा वेदीकडचा भाग नव्यानं बांधायची परवानगी मिळाली, आणि पुढे त्याच शतकात मनोऱ्याव्यतिरिक्त जवळपास सगळं चर्च नवं झालं. मनोरा तेवढा आधीचा, चौदाव्या शतकातला, म्हणून तो बाकीच्या इमारतीच्या मानानं साधा आणि थोडा जड वाटतो. सफोक, नॉरफोक भागात लोकर आणि कापडाचा पैसा, समुद्रावरच्या व्यापाराचा पैसा भरपूर होता, आणि त्या काळची माणसं मरताना मृत्युपत्रात चर्चला पैसे ठेवायची, कारण आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना होत राहावी ही आशा. म्हणजे ही इमारत अनेक माणसांच्या शेवटच्या इच्छांमधून उभी राहिली आहे, हे मला दरवेळी आत गेल्यावर जाणवतं.

या भागात चांगला इमारती दगड मिळत नाही, मिळते ती गारगोटी. म्हणून भिंती गारगोटी आणि चुन्याच्या, आणि कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, कमानी यांच्यासाठीच बाहेरून पाण्याच्या वाटेनं आणलेला घडीव दगड. गारगोटी फोडून तिची काळी चकचकीत बाजू दर्शनी लावायची आणि मध्ये पांढऱ्या दगडाची नक्षी बसवायची, हे इथल्या गवंड्यांचं खास काम. पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली बाहेरच्या बाजूनं असंच बारा अक्षरं बसवलेली आहेत, ती एका लॅटिन वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं आहेत असं मानतात, आणि अर्थ असा लावतात की त्रिमूर्ती, मेरी, संत ॲन आणि संत कॅथरीन यांच्या सन्मानार्थ हे पुन्हा बांधलं.

आता छत. बाजूच्या दोन ओळींच्या खांबांवर कमानी, त्या कमानींवर भिंत, आणि त्या भिंतीत दोन्हीकडे अठरा-अठरा खिडक्यांची सलग रांग. म्हणजे मधल्या दालनाच्या वरच्या भागात भिंत फार उरतच नाही, काचच जास्त. अशा नाजूक भिंतींवर उतरतं जड छप्पर ठेवलं तर ते भिंतींना बाहेर ढकलतं, त्यामुळे इथल्या सुतारांनी छत जवळजवळ सपाट ठेवलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या भक्कम ओकच्या तुळया, मध्यावर किंचित उचललेल्या, म्हणजे पाणी दोन्हीकडे ओघळेल इतपतच उतार. आपल्या वाड्यातल्या कडीपाटाच्या जवळचं काम आहे हे, फक्त वर माती-पेंढ्याच्या धाब्याऐवजी शिशाचे पत्रे. तुळयांवर, वाशांवर पांढऱ्या रंगावर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची आद्याक्षरं स्टेन्सिलनं काढलेली. हे सगळं पंधराव्या शतकातलं मूळ काम आहे, नंतर कुणी त्यावर हात फिरवलेला नाही, आणि इंग्लंडमध्ये असं मूळ रंगकाम टिकलेलं छत फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

छतात देवदूत बसवायची पद्धत तशी राजदरबारातून आलेली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छत १३९० च्या दशकात राजा दुसरा रिचर्ड यानं ह्यू हरलँड या सुतारमिस्त्रीकडून करून घेतलं, त्यात ढाली धरलेले देवदूत होते, आणि नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पूर्व इंग्लंडच्या गावागावात अशी छतं झाली. देशात उरलेली बहुतेक देवदूत-छतं याच भागात आहेत.

सपाट छताची एक अडचण असते, आणि ती पुढे या प्रकरणाच्या मुळाशी येते. शिसं मऊ असतं, उन्हात प्रसरण पावतं, थंडीत आकसतं, आणि वर्षानुवर्षं असं होत होत आपल्याच वजनानं खाली सरकतं, ताणलं जातं, चिरा पडतात. उतार कमी म्हणून पाणी लवकर वाहून जात नाही, चिरेतून आत शिरतं आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत घुसलंय तिथे जाऊन बसतं. तिथे हवा लागत नाही. ओक कितीही चांगला असला तरी ओलं टोक कुजतं आणि कुजकं लाकूड डेथवॉच बीटल नावाच्या किड्याला फार आवडतं. वाड्यांमध्ये मी हेच बघितलंय, तुळई मधून ठणठणीत आणि भिंतीतलं टोक हातानं चुरडेल असं.

पहिला आघात: १५७७

४ ऑगस्ट १५७७, रविवार, लोक प्रार्थनेला जमलेले, आणि प्रचंड वादळ आलं. मनोऱ्यावरचा उंच कळस कोसळून छत फोडून आत पडला, एक माणूस आणि एक मुलगा जागच्या जागी गेले. त्याच दिवशी जवळच्या बंगे गावच्या चर्चमध्येही वीज पडून माणसं मेली आणि लंडनमध्ये लगेच पुस्तिका छापली गेली की काळ्या कुत्र्याच्या रूपात सैतान आला होता. ब्लायबराच्या उत्तरेकडच्या दारावर काळे डाग आहेत, ते त्या कुत्र्याच्या नखांचे म्हणून दाखवतात. अशा जळक्या खुणा इंग्लंडमधल्या इतर जुन्या इमारतींतही आढळतात आणि त्यांतल्या बऱ्याच मेणबत्ती किंवा काकडा मुद्दाम लाकडाला टेकवून केलेल्या दिसतात, बहुधा आगीपासून, विजेपासून रक्षण व्हावं म्हणून. मला हा अर्थ कुत्र्याच्या गोष्टीपेक्षा जास्त जवळचा वाटतो, घाबरलेली माणसं दारापाशी उभी राहून काहीतरी करू बघतायत असं डोळ्यासमोर येतं.

कळस पुन्हा कधी बांधला गेला नाही. मठ १५३७ मध्येच राजा आठव्या हेन्रीच्या काळात बंद झालेला होता, बंदरही मागे पडत चाललेलं, नदी गाळानं भरत होती आणि मोठी जहाजं आत येईनात. पैसा नव्हता एवढं साधं कारण. मनोऱ्याच्या बाजूच्या देवदूतांच्या रिकाम्या जागांचं कारण शोधायचं तर मी आधी या कोसळलेल्या कळसाकडे बघेन, वरून एवढं वजन पडल्यावर खालच्या तुळया आणि त्यांवरची कोरीव कामं शाबूत राहणं कठीण.

दुसरा आघात: विल्यम डाउसिंग

आता ज्याच्यावर आळ होता तो माणूस. विल्यम डाउसिंग हा सफोकमधल्याच लॅक्सफील्डचा. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध चालू होतं, पार्लमेंटनं चर्चमधली मूर्ती, चित्रं, अंधश्रद्धेची चिन्हं काढून टाकायचे हुकूम काढले होते, आणि पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती अर्ल ऑफ मँचेस्टर यानं १६४३ च्या डिसेंबरात डाउसिंगला या कामावर नेमलं. केंब्रिजशायर आणि सफोकमधल्या अडीचशेच्या आसपास ठिकाणी तो गेला आणि कुठे काय फोडलं, काय फोडायला सांगितलं याची रोजनिशी ठेवली. बऱ्याच ठिकाणी ६ शिलिंग ८ पेन्स फी घेतल्याची नोंद आहे.

ब्लायबराला तो एप्रिल १६४४ मध्ये आला. त्याची नोंद स्पष्ट आहे, वीस चित्रं, पोर्चवर दोन, मनोऱ्यावर एक, आणि चर्चमधले नि वेदीकडच्या भागातले वीस देवदूत काढायचे, मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागणारे तीन लेख त्यानं तोडले, आणि आणखी दोनशेहून जास्त चित्रं आठ दिवसांत काढा असा हुकूम देऊन तो पुढे गेला.

इथे जरा थांबायला हवं. लेख तोडले असं तो लिहितो, पण देवदूत काढायचे आहेत असं लिहितो. काम केल्याची नोंद आणि काम सांगितल्याची नोंद यांत फरक आहे, आणि आजही सरकारी फाइल वाचणारा माणूस हा फरक चटकन ओळखेल. खिडक्यांमधली रंगीत काच बहुतेक गेली, वरच्या जाळीत थोडे तुकडे राहिलेत, खालचं जे हाताला लागलं त्याचं नुकसान झालं. देवदूत मात्र अजून वर आहेत. ते काढायचे म्हणजे पूर्ण दालनभर उंच परांची बांधायची, सुतार लावायचे, आणि खर्च गावानंच करायचा, तोही युद्धाच्या दिवसांत. डाउसिंग गेल्यावर गावच्या चर्चवॉर्डननी, म्हणजे आपल्या देवस्थानच्या पंचांसारख्या लोकांनी, हे काम केलं नाही. जाणूनबुजून टाळलं की परवडलं नाही हे कुठे लिहिलेलं नाही, माझ्या मते दोन्ही असेल.

पण पुढच्या पिढ्यांनी सगळंच डाउसिंगच्या नावावर टाकलं. खांबांत कड्या आहेत, त्या सैनिकांनी आत घोडे बांधायला ठोकल्या असं सांगतात. देवदूतांच्या अंगात शिसं आहे म्हटल्यावर ते सैनिकांच्या बंदुकीचं. एकदा खलनायक ठरला की मग पुरावा तपासायची गरज कुणाला वाटत नाही.

शिडी लावल्यावर

१९७० च्या दशकात छताचं आणि देवदूतांचं काम निघालं तेव्हा लाकडातलं शिसं बाहेर काढून पाहिलं. ते अठराव्या शतकातलं निघालं, डाउसिंगच्या शंभरेक वर्षांनंतरचं. छर्रे, पाखरं मारायला वापरतात ते. त्या काळच्या सैनिकाच्या मस्केटमध्ये शिशाची एकच जड गोळी असायची, ती कोरीव पंखाला लागली असती तर पंख फुटून पडला असता, बारीक भोकं पडली नसती. खरं म्हणजे भोकांच्या आकारावरूनच शंका यायला हवी होती, पण खालून मान वर करून बघणाऱ्याला भोकाचा व्यास कसा कळणार.

आणि मग चर्चच्या हिशेबवहीत १७६१ सालची नोंद होती, आत राहणारे जॅकडॉ मारण्यासाठी बंदुकीची दारू आणि छर्रे यांचा खर्च.

जॅकडॉ हा कावळ्याच्याच कुळातला पक्षी, आपल्या गावकावळ्यासारखी करडी मान पण अंगानं लहान आणि डोळे पांढुरके. त्याला बिळं, धुराडी, मनोऱ्यातली भोकं आवडतात, आणि घरटं करायचं म्हणजे काटक्यांचा ढीगच आणून टाकतो. खिडक्या फुटलेल्या, छत गळतंय, असं चर्च म्हणजे त्याच्यासाठी तयार जागा. काटक्या पन्हाळीत अडकल्या की पाणी तुंबतं, खाली बाकांवर घाण पडते, म्हणजे वॉर्डन लोकांचा त्रास खराच होता. शिवाय पाखरं मारण्यासाठी चर्चच्या तिजोरीतून पैसे देणं ही काही विचित्र गोष्ट नव्हती, १५६६ च्या कायद्यानं पिकांचं नुकसान करणाऱ्या पशुपक्ष्यांच्या डोक्यांमागे बक्षीस द्यायची जबाबदारी चर्चवॉर्डनवरच होती, त्यामुळे गावोगावच्या वह्यांत कावळे, उंदीर, साळींदरासारखे काटेवाले हेजहॉग यांचे पैसे दिल्याच्या नोंदी आहेत.

तर झालं असं असणार की पक्षी पसरलेल्या पंखांवर, डोक्यांवर बसायचे, खालून बंदूक उडायची आणि चुकलेले छर्रे लाकडात. ज्यांनी देवदूत जखमी केले ते चर्चचे शत्रू नव्हते, चर्च सांभाळणारीच माणसं होती आणि त्यांच्या दृष्टीनं ती देखभालच करत होती, पावतीसकट.

हे कळल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो. कारण मग पुढचा प्रश्न पडतो, पक्षी आत आलेच कसे. फुटक्या खिडक्यांतून. खिडक्या दुरुस्त का नाही केल्या. पैसे नव्हते. म्हणजे छर्ऱ्यांची भोकं हे लक्षण आहे, रोग वेगळाच आहे, आणि तो १५३७ पासून हळूहळू चालूच होता.

तिसरा, सगळ्यात संथ आघात

जुन्या इंग्लिश पद्धतीत वेदीकडच्या भागाची दुरुस्ती रेक्टरनं, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाचा हक्क ज्याच्याकडे त्यानं, करायची आणि लोक बसतात त्या भागाची गावानं. मठ गेला की त्याचे हक्क आणि जमिनी खाजगी मालकांकडे गेल्या आणि जबाबदारीही कागदोपत्री त्यांच्याकडे. गावाचा वाटा चर्च-पट्टीतून यायचा, पण १८६८ मध्ये ती सक्तीनं वसूल करणं कायद्यानं बंद झालं, ज्यांचा या चर्चशी संबंध नाही अशा लोकांकडून ती का घ्यावी हा त्यामागचा मुद्दा बरोबरच होता. पण ज्या गावात मूठभर गरीब माणसं आणि भलंमोठं चर्च अशी स्थिती, तिथे दुरुस्तीला पैसा येणार कुठून. ब्लायबरात खिडक्यांचा दगड ढासळायला लागला की विटा लावून खिडकी बुजवायची, एवढंच जमत होतं. छतातून पाणी आत.

शेवटी डिसेंबर १८८१ मध्ये इमारत धोकादायक म्हणून चर्च बंद केलं.

आता इथून वेगळीच लढाई सुरू झाली. गावची समिती, विकर म्हणजे गावचा धर्मगुरू, वर्गणी, आर्थर ब्लोमफील्ड हा नावाजलेला आर्किटेक्ट एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिसची जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठीची संस्था. ही संस्था १८७७ मध्ये निघाली त्याचं कारण आपल्याला जवळचं आहे, कारण त्यात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट येतो, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आणि दीक्षान्त सभागृहाचा आर्किटेक्ट, जो स्वतः मुंबईत कधी आलाच नाही. हा स्कॉट ट्यूक्सबरीच्या ॲबी चर्चची पुनर्रचना करणार असं कळल्यावर मॉरिसनं संतापून जाहीर पत्र लिहिलं आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. त्या काळी जुनं चर्च सुधारायचं म्हणजे आतला जुना गिलावा खरवडायचा, नंतरच्या काळात आलेलं सगळं काढायचं आणि मूळ कसं असेल याचा अंदाज बांधून नवं घडवायचं. संस्थेला लोक खरवडविरोधी म्हणत. त्यांच्या जाहीरनाम्यातला मुद्दा अगदी साधा होता, रोजची काळजी घ्या, कलती भिंत टेकू देऊन धरा, गळकं छत नीट करा, आणि तो टेकू टेकूच आहे हे दिसू द्या, जुन्याचं सोंग आणू नका.

विटांनी बुजलेल्या खिडक्यांचं काय करायचं, दगडी जाळी नवीन घडवायची की उरलेली सांभाळायची, छताला किती हात लावायचा, यावरून मतभेद झाले. चर्च १८८४ मध्ये पुन्हा उघडलं, पण काम आणि वाद हप्त्याहप्त्यानं १९०६ पर्यंत चालत राहिले, कारण वर्गणी येईल तसंच काम व्हायचं.

दोन्ही बाजू मला पटतात हे सांगितलं पाहिजे. गावकऱ्यांना रविवारी बसायला कोरडी जागा हवी होती, लंडनहून पत्र पाठवणाऱ्या संस्थेनं पैसे दिले नाहीत, सल्ला दिला, आणि तो ऐकताना विकरला काय वाटलं असेल ते समजू शकतं. पण मॉरिसच्या लोकांनी मागे लकडा लावला नसता, आणि गावाकडे एकदम मोठी रक्कम आली असती, तर छताचा रंग खरवडून ओकला वॉर्निश लावलं असतं आणि देवदूतांना नवे पंख, नवे चेहरे बसवले असते, असं मला अगदी ठाम वाटतं. गरिबीनं छत गळू दिलं आणि त्याच गरिबीनं रंग वाचवला.

शेजारच्याच वेनहॅस्टन गावात काय झालं बघा, काही मैलांवर. तिथे १८९२ मध्ये चर्चच्या कामात चुन्यानं पांढऱ्या केलेल्या जुन्या फळ्या काढून बाहेर आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुतला गेला आणि सकाळी फळ्यांवर माणसं, देवदूत, सैतान दिसायला लागले. मध्ययुगातलं अंतिम न्यायाचं चित्र होतं ते, धर्मसुधारणेच्या काळात चुन्याखाली झाकलेलं. आज ते चर्चमध्ये भिंतीवर लावलेलं आहे. एक रात्र कोरडी गेली असती तर त्या फळ्या जळणात गेल्या असत्या.

निदानाबद्दल

कोणी विचारेल, छर्रे १६४४ चे की १७६१ चे यानं काय फरक पडतो, भोक ते भोकच. दुरुस्ती करणाऱ्याला फार फरक पडतो. नुकसान एका हल्ल्यात झालं असं धरलं तर तुम्ही मूर्ती नीट करता, भोकं भरता, पंख जोडता आणि निघता. नुकसान गळतीतून, फुटक्या खिडकीतून, तुंबलेल्या पन्हाळीतून आलं असं कळलं तर तुम्ही आधी शिशाचे पत्रे बघता, पन्हाळी बघता, तुळईची टोकं उघडून बघता, मूर्तीला सगळ्यात शेवटी हात लावता. इंग्लंडमध्ये १९५५ च्या कायद्यानंतर प्रत्येक पॅरिश चर्चची, म्हणजे अशा गावच्या चर्चची, दर पाच वर्षांनी जाणकार आर्किटेक्टकडून तपासणी करावी लागते, आणि त्या अहवालात बहुतेक जागा पन्हाळी, कौलं, पाण्याचे नळ आणि जमिनीतला ओलावा यांनाच दिलेली असते. कंटाळवाणं वाचन असतं ते, पण इमारती त्याच्यावरच जगतात.

हे लिहिताना मला सारखं एक देऊळ आठवतंय, गाव सांगत नाही. दगडी गाभारा, पुढे लाकडी सभामंडप, खांबांवर जुनं कोरीव काम. छत गळायला लागल्यावर वर्गणी जमली, चांगली घसघशीत जमली, आणि दोन महिन्यांत खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्याला आतून टाइल्स, वर स्लॅब. सगळ्यांनी मनापासून केलं, देवासाठी केलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा टाइल्सच्या मागे ओल कोंडून दगडाला पापुद्रे सुटत होते आणि खांबावरचं कोरीव काम रंगाच्या थरांखाली ओळखू येत नव्हतं. कोणाला दोष द्यावा असं वाटलं नाही, कारण त्या लोकांना वेळेवर कुणी सांगितलंच नव्हतं की आधी पन्हाळ नीट करा, बाकी थांबू शकतं. १७६१ मधल्या वॉर्डनलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आत्ता तिथे काय दिसतं

बाकांच्या टोकांवर कोरलेली माणसं बघा, आळशी माणूस बिछान्यात आहे, कंजूष आपल्या पेटीवर बसलाय, खादाड पोट धरून आहे. डाउसिंग यांच्या शेजारून गेला असणार. वेदीकडच्या जुन्या आसनांच्या पुढच्या फळीवर एका डच मुलानं आपलं नाव कोरलंय, डर्क लोवरसन, साल १६६५, वय १२. त्या काळी तिथे शाळा भरायची. आज कुणी मुलानं असं कोरलं तर आपण चिडू, पण तीनशे साठ वर्षांनंतर त्या फळीवर बोट फिरवताना तसं वाटत नाही, तो आता इमारतीचाच भाग झालाय. १६८२ सालचा लाकडी जॅक आहे, म्हणजे माणसाचा पुतळा, हातातल्या आयुधानं घंटा वाजवणारा. १९६९ च्या जूनमध्ये स्नेप गावचा संगीत मैफलींचा हॉल जळाला तेव्हा तिथल्या ऑल्डबरा संगीत महोत्सवाचे कार्यक्रम या चर्चमध्ये हलवले, मोत्सार्टचा ऑपेरा इथे झाला, त्या छताखाली.

आणि देवदूत. सत्तरीच्या दशकात शिसं काढलं, लाकूड स्थिर केलं, पण चेहरे नवे केले नाहीत, गेलेले पंख सगळे परत लावले नाहीत, रंग भरला नाही. जायचं असेल तर दुपारनंतर जा, अठरा खिडक्यांच्या दक्षिणेकडच्या रांगेतून ऊन तिरकं आत येतं आणि तुळयांवरची लाल फुलं खालूनही दिसायला लागतात, आणि दुर्बीण असेल तर पंखांमधली भोकंही मोजता येतात.